त्वचा आणि तोंडाचं अस्तर: दोघांतला फरक, त्यांची वाढ आणि जखमा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गालाला बाहेरून हात लावला की लागते ती त्वचा. तोच गाल आतून जिभेनं चाचपला की लागतं ते तोंडाचं अस्तर. मधलं अंतर बोटभरसुद्धा नाही. तरी एकीकडे केस येतात, घाम येतो, उन्हानं रंग बदलतो. दुसरीकडे यातलं काहीच होत नाही, पण जखम मात्र बघता बघता भरून येते. लोक याबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बऱ्याच उत्तरांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: आपल्याला दिसतो तो वरचा थर, पण त्यानं काय व्हायचं आणि कसं वाढायचं हे बरंचसं त्याच्या खालचा थर ठरवतो.

त्वचा आणि तोंडाचं अस्तर या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत का?

नाही. दोघांचा आराखडा एकच. वर एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचे थर, त्याखाली एक अतिशय पातळ पापुद्रा, आणि त्याखाली कोलॅजेनचे तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांनी भरलेला आधाराचा थर. त्वचेत वरच्या भागाला बाह्यत्वचा आणि खालच्याला अंतस्त्वचा म्हणतात. तोंडातल्या अस्तराला श्लेष्मल त्वचा असं नाव आहे; तिथेही वरचा आणि खालचा असे दोन थर असतातच. वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात, ना त्वचेत ना तोंडात. त्या पेशींचं पोषण खालून झिरपत येतं. म्हणूनच अगदी वरवरचं खरचटलं तर रक्त येत नाही.

मग नेमका फरक कशात आहे?

सगळ्यात मोठा फरक वरच्या पेशींच्या शेवटात आहे. त्वचेत तळाच्या पेशी विभागतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरत जातात, आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत त्यांचं केंद्रक नाहीसं झालेलं असतं. म्हणजे हाताला लागते ती त्वचेची वरची परत मेलेल्या पेशींची असते. या मृत पेशी विटांसारख्या आणि त्यांच्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ चुन्यासारखे, अशी ती भिंत रचलेली असते. आतलं पाणी उडून जाऊ नये आणि बाहेरचं काही आत शिरू नये, हे तिचं काम. जाडी म्हणाल तर शरीराच्या बहुतेक भागावर ही परत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीसुद्धा नसते.

गालाच्या आतल्या बाजूला असं होत नाही. तिथल्या पेशी वर येतात, चपट्या होतात, पण केंद्रक टाकत नाहीत आणि वाळतही नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी हे पाहिलेलं असतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती काचपट्टीवर पुसायची, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. फिकट निळसर, वेड्यावाकड्या कडांच्या मोठ्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. डीएनए चाचणीसाठी गालातून नमुना घेतात तो याच कारणानं. हाताच्या त्वचेवरून तशीच काडी फिरवली, तर केंद्रक असलेल्या पेशी फारशा हाती लागणार नाहीत.

केराटिनचे प्रकारही निराळे असतात. तळाच्या पेशींत दोन्हीकडे के-५ आणि के-१४ ही जोडी असते. वर सरकताना त्वचेतल्या पेशी के-१ आणि के-१० बनवू लागतात, तर गालातल्या पेशी के-४ आणि के-१३. वैद्यकात या जोड्यांना महत्त्व आहे. आजारांच्या प्रश्नात ते पुन्हा येईल.

बाकीचे फरक थोडक्यात: तोंडात केस आणि घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यांच्याऐवजी अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५, लाळ उदासीनाच्या जवळपास. सूर्यप्रकाशापासून ‘ड’ जीवनसत्त्व बनवण्याचं काम त्वचा करते, तोंड करत नाही.

तोंडाचं अस्तर त्वचेपेक्षा पातळ असतं ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धवटच खरा आहे. गालाच्या आतल्या पेशींचा थर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. शरीराच्या बहुतेक भागावरची बाह्यत्वचा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि पापणीवरची त्याहून पातळ. म्हणजे नुसती पेशींची जाडी मोजली तर गाल आतून जाड आहे. मात्र वर केराटिनची सुकी परत नसल्यामुळे तो मऊ, ओला आणि झिरपणारा असतो. जाडी आणि अभेद्यपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिभेखालचा भाग मात्र खरोखरच पातळ असतो आणि तोंडातला सगळ्यात झिरपणारा. छातीत दुखायला लागल्यावर काही रुग्णांना जिभेखाली गोळी ठेवायला सांगतात ते म्हणूनच. औषध थेट रक्तात उतरतं. पोटातून गेलं असतं तर यकृतात त्याचा बराचसा भाग वाया गेला असता.

तोंडात सगळीकडे एकसारखंच अस्तर असतं का?

अजिबात नाही, आणि हे बघायला आरसा पुरे. उजेडात उभं राहून खालचा ओठ बोटांनी खाली ओढा. दातांना लागून फिकट गुलाबी, घट्ट, किंचित खडबडीत हिरडी दिसेल. तिच्याखाली एक स्पष्ट नागमोडी रेघ आहे. त्या रेघेपलीकडे रंग एकदम लालसर होतो, पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, आतल्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्यांनी दिसतात. ओठ हलवून पाहा: खालचा लाल भाग सरकतो, वरची गुलाबी हिरडी जागची हलत नाही.

एकाच ओलावणाऱ्या लाळेखाली, एकमेकांना चिकटून, दोन वेगळ्या स्वभावाची अस्तरं. घास चावताना ज्यांना थेट मार बसतो त्या हिरड्या आणि कडक टाळू केराटिनची परत धरतात आणि हाडाला पक्क्या चिकटलेल्या असतात. त्या बाबतीत त्या त्वचेच्या जवळच्या. गाल, ओठांची आतली बाजू, जिभेखालचा भाग, मऊ टाळू यांना ताणायचं आणि सरकायचं असतं. तिथे केराटिनची सुकी परत नसते. तोंडातल्या अस्तराचा जवळजवळ ६० टक्के भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे.

जिभेचा पृष्ठभाग तिसऱ्याच प्रकारात मोडतो. त्यावरचे बारीक उंचवटे केराटिनयुक्त असतात, म्हणून जीभ खरखरीत लागते. चव ओळखणाऱ्या पेशी त्यांतल्या काही उंचवट्यांमध्ये दडलेल्या असतात आणि साधारण दहा दिवसांनी बदलतात.

आणखी एक जागा मुद्दाम सांगण्यासारखी आहे: दात आणि हिरडीचा सांधा. शरीरावरचं आवरण भेदून एक कडक वस्तू कायमची बाहेर आलेली आहे, अशी ही एकमेव जागा. तिथल्या मोजक्या पेशी दाताला अक्षरशः चिकटून राहतात आणि अतिशय वेगानं बदलत राहतात. हिरड्यांचे आजार बहुतेक वेळा याच फटीत सुरू होतात.

ओठांचा लाल भाग त्वचेचा की तोंडाचा?

दोन्हींच्या मधला. त्यावर केराटिन असतं पण अगदी पातळ, आणि खालच्या रक्तवाहिन्या पृष्ठभागाच्या खूप जवळ आलेल्या असतात, म्हणून तो लाल दिसतो. घामाच्या ग्रंथी नाहीत, लाळग्रंथीही नाहीत. ओलावा टिकवायचं कुठलंच साधन या पट्ट्याकडे नसल्यानं ओठ सगळ्यात आधी सुकतात. जिभेनं ओले करत राहिलं तर आणखी फुटतात, कारण लाळ उडून जाताना असलेला ओलावाही कमी होतो. साधं पेट्रोलियम जेली किंवा तसलंच मलम लावणं अधिक बरं.

या पेशी वाढतात कशा आणि किती दिवसांत बदलतात?

वाढीचं काम तळाच्या थरात चालतं. तिथल्या मूळपेशी विभागतात. काही तिथेच राहतात, काही वर निघतात. त्वचेत तळापासून गळून पडेपर्यंतचा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा, वय वाढलं की त्याहून जास्त. गालाच्या आत तो दोन-तीन आठवड्यांत उरकतो. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे पुस्तकांतले आकडे थोडे पुढेमागे होतात, पण तोंड त्वचेच्या पुढे असतं यात वाद नाही.

हा वेग उगाच नाही. तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती राहतात. पृष्ठभागावरच्या पेशी सतत गळत राहिल्या की त्यांना चिकटलेले जिवाणूही त्यांच्याबरोबर गिळले जातात. गळणं हाच इथे बचाव आहे.

त्वचेला एक जादा कोठार मिळालेलं आहे: केसांची मुळं. त्यांच्या कडेला मूळपेशींचा साठा असतो आणि जखम झाली की तिथून पेशी वर येऊन उघडा भाग झाकायला मदत करतात. वरवर भाजलेल्या जागी कधी कधी केसांच्या मुळाभोवती नव्या त्वचेची बेटं आधी दिसतात, ती याचमुळे. मुळापासून सगळंच जळालं असेल तर हे कोठारही जातं आणि त्वचा दुसरीकडून आणून लावावी लागते.

पोटातल्या बाळात त्वचा आणि तोंड वेगळं कधी होतं?

फार लवकर. गर्भाच्या डोक्याकडच्या भागात एक खळगा तयार होतो, तेच पुढचं तोंड. त्याच्या तळाशी एक पातळ पडदा असतो आणि पलीकडे अन्ननलिकेचा मार्ग. चौथ्या आठवड्याच्या शेवटाकडे हा पडदा फुटतो. खळग्याचं अस्तर बाह्यत्वचेच्याच कुळातलं, पडद्यापलीकडचं आतड्याच्या कुळातलं. त्यामुळे हिरड्या आणि गाल यांचं त्वचेशी जवळचं नातं आहे, तर जिभेचा मागचा भाग दुसऱ्या घराण्यातून आलेला आहे.

ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतात, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. दोन्ही बाजू वेळेवर भेटल्या नाहीत की दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन बाळ जन्माला येतं. त्वचेवर केराटिनची पक्की परत मात्र उशिरा चढते, साधारण बाविसाव्या ते चोविसाव्या आठवड्यापासून पुढे. त्या सुमारास अकाली जन्मलेल्या बाळांच्या त्वचेतून पाणी झपाट्यानं उडून जातं, म्हणून त्यांना दमट, ऊबदार पेटीत ठेवणं गरजेचं असतं.

एखाद्या जागी त्वचा व्हायची, हिरडी व्हायची की गाल, हे ठरवतं कोण?

माझ्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन्हीकडच्या तळाच्या पेशी जवळपास सारख्याच असतील, तर एक केराटिनचं चिलखत चढवते आणि दुसरी ओली राहते ती कशामुळे? लाळेमुळे म्हणावं तर हिरडीसुद्धा लाळेतच असते. चावण्याच्या माऱ्यामुळे म्हणावं तर दात येण्याआधीही बाळाच्या हिरड्यांची घडण गालापेक्षा निराळी असते.

१९७५ साली दंतसंशोधकांनी माकडांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. हिरडीखालचा फक्त आधाराचा थर काढून, वरच्या पेशींशिवाय, त्यांनी तो लाल, सैल अस्तराच्या भागात रोवला. पुढे तो उघडा केल्यावर आजूबाजूच्या सैल अस्तरातल्या पेशी सरकत त्याच्यावर आल्या. या पेशी केराटिनची परत न धरणाऱ्या घरातल्या. पण हिरडीच्या आधारावर बसल्यावर त्यांनी हिरडीसारखी केराटिनची परत चढवली. घर तेच, जमीन बदलली, आणि पेशींनी जमिनीचं ऐकलं. आज हिरड्या खाली सरकलेल्या रुग्णांत दंतवैद्य टाळूखालून आधाराचा तुकडा घेऊन दाताशी लावतात, ते याच समजुतीवर.

तळहाताची गोष्टही तशीच. तळहात-तळपायांच्या त्वचेत के-९ नावाचं खास केराटिन असतं. शरीराच्या इतर भागातल्या बाह्यत्वचेच्या पेशी तळहाताच्या अंतस्त्वचेतल्या पेशींसोबत वाढवल्या, की त्याही के-९ बनवू लागतात.

आता उलटी बाजू. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मनगटाजवळची किंवा मांडीची त्वचा तिच्या खालच्या थरासकट आणून तोंडात बसवतात. ती वर्षानुवर्षं लाळेत भिजते, तरी बहुतेक करून त्वचाच राहते: फिकट, कोरडसर, आणि काही रुग्णांत तिच्यावर केससुद्धा उगवत राहतात. त्वचेबरोबर तिची जमीनही आलेली असते ना. रुग्णांना याचा त्रास होतो, आणि शस्त्रक्रियेआधी हे त्यांना मोकळेपणानं सांगायला हवं.

सगळंच खालचा थर ठरवतो असं मात्र नाही. वरच्या पेशींनाही आपल्या जागेची आठवण असते. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या तोंडाच्या पेशी त्वचेच्या पेशींपेक्षा वेगळ्या वागतात. दोघांचा संवाद चालू असतो, त्यात खालच्याचा शब्द बहुधा वजनदार ठरतो.

तोंडातली जखम इतक्या लवकर कशी भरते?

गरम चहानं टाळू भाजला तर दोन-चार दिवसांत आठवणही राहत नाही. तेवढाच चटका हातावर बसला तर डाग आठवडे पाहावा लागतो. कारणं एकाहून अधिक आहेत.

पहिलं, ओलावा. सुक्या खपलीखाली पेशींना वाट खणत सरकावं लागतं. ओल्या पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. दुसरं, भरपूर रक्तपुरवठा. तिसरं, लाळ. १९५० च्या दशकात स्टॅन्ली कोहेन उंदराच्या लाळग्रंथीतल्या अर्कावर काम करत होते. नवजात पिल्लांना तो टोचल्यावर त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी आधी उघडले आणि दातही लवकर आले. शोध घेता घेता त्यांना बाह्यत्वचेच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन सापडलं. १९८६ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं. माणसाच्या लाळेतही हे प्रथिन असतं, शिवाय हिस्टॅटिन नावाची छोटी प्रथिनं असतात. ती बुरशीला आवरतात आणि पेशींना सरकायला मदत करतात.

पण लाळेला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याच स्वयंसेवकांच्या तोंडात आणि त्वचेवर छोट्या जखमा करून त्या कशा भरतात याची तुलना केली गेली. तोंडातल्या पेशींमध्ये जखम भरण्याची यंत्रणा जखम होण्याआधीच सज्ज होती. सॉक्स-२ आणि पिट्क्स-१ ही जनुकांना चालना देणारी प्रथिनं तिथे आधीपासून हजर होती, त्वचेत नव्हती. उंदरांच्या त्वचेत सॉक्स-२ वाढवल्यावर त्यांच्या जखमाही लवकर भरल्या. त्वचा दुखापत झाल्यावर तयारीला लागते. तोंड कायम तयारीत असतं.

खालच्या थराचाही वाटा आहेच. तोंडातल्या आधारपेशी जोमानं आणि जास्त काळ विभागतात. तिथे सूज कमी येते आणि लवकर ओसरते. जितकी सूज रेंगाळते तितका व्रण जाड, हे बऱ्याच अंशी खरं आहे. गर्भाच्या त्वचेत तर साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत झालेली जखम व्रणाशिवाय भरू शकते. तोंडाच्या आधारपेशींत त्या सुरुवातीच्या काळाचे काही गुण टिकून राहिलेले दिसतात.

मग हाताची जखम चाटली तर लवकर बरी होईल का?

नाही, चाटू नका. लाळेत उपयोगी प्रथिनं आहेत तसे जिवाणूही आहेत. तोंडात ते त्यांच्या जागी असतात. फाटलेल्या त्वचेत शिरले तर जखम चिघळते. स्वच्छ वाहतं पाणी आणि साबण यांनी जखम धुवा.

जखम उघडी ठेवून सुकू द्यावी, की झाकावी?

झाकावी. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं की पातळ आवरणाखाली ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगानं झाकल्या जातात. तोंडाला जो ओलावा फुकट मिळतो तो त्वचेला आपण द्यायचा. ‘वारा लागू दे’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं. मात्र पू आला असेल, आजूबाजूला लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर नुसती पट्टी पुरणार नाही.

तोंडात व्रण कधीच राहत नाही का?

राहतो. गालाच्या आत क्वचित, टाळूवर जास्त. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेत हाड काही भागात उघडं राहतं आणि तो भाग व्रणानं आकसून भरतो. लहान मुलांत हा आकसलेला व्रण वरच्या जबड्याची वाढ अडवू शकतो, म्हणून अशा मुलांकडे वाढ पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. तोंड व्रणमुक्त असतं हे विधान कुठे वाचलंत तर ही मुलं आठवा.

काही आजार फक्त तोंडात किंवा फक्त त्वचेवर का होतात?

कारण घडणीतली प्रथिनं वेगळी. के-४ किंवा के-१३ या केराटिनच्या जनुकात दोष असेल तर गालाच्या आत पांढरे, स्पंजासारखे जाड पट्टे दिसतात आणि त्वचा साफ असते. के-१ किंवा के-१० मध्ये दोष असेल तर त्वचेवर फोड आणि जाड खवले येतात, गालाचं अस्तर सुटतं.

पेम्फिगस हा फोडांचा आजार याहून बोलका आहे. पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी धरून असतात त्यांत डेस्मोग्लीन-१ आणि डेस्मोग्लीन-३ ही दोन महत्त्वाची. त्वचेत दोन्ही भरपूर असतात. तोंडाच्या अस्तराची मुख्य भिस्त डेस्मोग्लीन-३ वर. शरीरानं चुकून डेस्मोग्लीन-३ विरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर त्वचा डेस्मोग्लीन-१ च्या आधारानं तगते, पण तोंडातली पेशींची पकड सुटते आणि फोड फुटून वेदनादायक जखमा होतात. फक्त डेस्मोग्लीन-१ वर हल्ला झाला तर उलट घडतं: अंगावर फोड, तोंड शाबूत. पहिल्या प्रकारच्या रुग्णांत अनेकदा त्वचेच्या कितीतरी आधी तोंडातच सुरुवात होते आणि नेहमीचं तोंड आलंय म्हणून महिने जातात.

केमोथेरपीत तोंड का येतं?

ही औषधं वेगानं विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात, मग त्या कर्करोगाच्या असोत की गालाच्या. तळाच्या पेशींचं विभाजन थांबतं, वरच्या पेशी नेहमीसारख्या गळत राहतात, भरपाई होत नाही आणि साधारण आठवड्याभरात अस्तर सोलवटतं. केस गळण्यामागेही हेच कारण. काही औषधं शिरेतून देताना तोंडात बर्फाचे खडे चघळायला सांगतात. गारव्यानं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तोंडापर्यंत औषध कमी पोचतं आणि त्रास कमी होतो. कोणत्या औषधाला हा उपाय लागू पडतो ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

त्वचा प्रयोगशाळेत वाढवता येते का?

येते. १९७५ साली जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी बशीत टिकाऊपणे वाढवण्याची पद्धत शोधली. युक्ती काय होती? तळाशी उंदराच्या आधारपेशींचा थर. पुन्हा तेच: खाली योग्य जमीन असेल तरच वरच्या पेशी नांदतात. १९८३ साली ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले पापुद्रे लावून वाचवण्यात आलं.

२०१७ साली त्याहून मोठी बातमी आली. जर्मनीतल्या एका सात वर्षांच्या मुलाला बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांना जोडणारं प्रथिन न बनवणारा जन्मजात आजार होता. त्याची बहुतेक बाह्यत्वचा गेलेली होती. त्याच्याच पेशींत दुरुस्त जनुक घालून, वाढवून, शरीराचा सुमारे ८० टक्के भाग नव्यानं झाकला गेला. ती बाह्यत्वचा टिकली आणि मोजक्या दीर्घायुषी मूळपेशी ती पुढे चालवत असल्याचं दिसून आलं. अशा त्वचेत नवे केस आणि घामाच्या ग्रंथी तयार करणं मात्र अजून साधलेलं नाही.

तोंडाचं अस्तर शरीरात दुसरीकडे वापरतात का?

हो, आणि छान चालतं. मूत्रमार्ग अरुंद झाला असेल तर गालाच्या आतली पट्टी काढून तिथे लावतात. केस नाहीत, ओलाव्याची सवय आहे, पेशींचा थर जाड आणि खालचा थर पातळ, त्यामुळे नवा रक्तपुरवठा लवकर धरतो. पहिला वापर १९४१ सालचा; पद्धत सर्रास व्हायला आणखी काही दशकं गेली. गालातली जागा लवकर भरून येते. २००४ साली जपानी डॉक्टरांनी रुग्णांच्या तोंडातल्या पेशींचा पातळ पापुद्रा वाढवून तो डोळ्याच्या बुबुळावर बसवल्याचं प्रसिद्ध केलं. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या मूळपेशी नष्ट झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

ताण दिला की त्वचा खरंच वाढते, की नुसती ताणली जाते?

सुरुवातीला ताणली जाते, मग वाढते. ताण सावकाश आणि टिकून राहिला तर तळाच्या पेशी अधिक विभागतात. चार्ल्स न्यूमन यांनी १९५७ साली त्वचेखाली फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला आणि जादा मिळालेली त्वचा कान दुरुस्त करायला वापरली. आज हीच पद्धत नियमित वापरात आहे. ताण फार वेगानं आला तर वरचा थर जुळवून घेतो, पण अंतस्त्वचेतले तंतू तुटतात आणि चिरा उमटतात. गरोदरपणात आणि वयात येताना दिसतात त्या याच.

हिरड्या काळपट आहेत, किंवा ओठाच्या आत पिवळे ठिपके आहेत. काळजीचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. त्वचेसारख्या रंगद्रव्याच्या पेशी तोंडातही असतात आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत हिरड्यांवर दोन्ही बाजूंना सारखा गडद रंग असणं नैसर्गिक आहे. बारीक पिवळसर ठिपके म्हणजे केसांशिवाय राहिलेल्या तेलग्रंथी. त्यांना उपचार लागत नाही. एकाच जागी नव्यानं आलेला किंवा वाढत जाणारा काळा डाग मात्र दाखवून घ्यावा.

गालाच्या आत पांढरी रेघ दिसते. ती काय असते?

दात मिटतात त्या रेषेत, दोन्ही गालांत, आडवी बारीक रेघ असेल तर तो घर्षणाचा परिणाम. हाताला घट्टा पडावा तसं तिथलं अस्तरही थोडं केराटिन धरतं. दुसऱ्या कुठल्याही जागचा, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा हलक्यात घेऊ नये. तंबाखू आणि सुपारी यांमुळे अस्तर बदलतं. सुपारीनं तर खालचा थर कोलॅजेननं घट्ट होत जातो, गाल दोरीसारखे ताठर होतात आणि तोंड उघडणं कमी होतं. या बदलांतून कर्करोग होऊ शकतो. सवय थांबवली तर काही चट्टे मागे हटतात. ताठरलेला खालचा थर सहसा पूर्ववत होत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

निरोगी तोंडातली साधी जखम दोन आठवड्यांत भरायला हवी. तेवढ्यात न भरणारी जखम, विशेषतः न दुखणारी आणि कडा कडक असलेली, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली गाठ, तोंड कमी उघडणं, जीभ हलवायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काहीही असेल तर दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. टोकदार दात किंवा न बसणारी कवळी घासत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या आणि दोन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा तपासून घ्या. त्वचेवर न भरणारी जखम, आकार-रंग बदलणारा तीळ, किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्यानं झालेली जखम असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल तर तळपायाच्या जखमेसाठी दोन आठवडेही वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.